ढोर मेल्यावर

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांना रंग लागतो, अंगावर झूल चढते, पायांवर पाणी घालून त्याला पुरणपोळीचा घास भरवला जातो. वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. गाईच्या शेणाने अंगण पवित्र होते, तिच्या मूत्राने प्रायश्चित्त पुरे होते, तिच्या शेपटीला धरून वैतरणी तरून जाता येते अशी श्रद्धा आपण पिढ्यान्‌पिढ्या बाळगली. आणि तीच गाय एखाद्या पहाटे गोठ्यात मरून पडली, की सारे घर तिच्यापासून चार पावले मागे सरते. जिला हयातभर आई म्हटले तिच्या देहाला हात लावणे हा विटाळ ठरतो. मग गावाबाहेरच्या वस्तीवर निरोप जायचा, तिथून माणसे यायची, दोर बांधून ढोर ओढून न्यायची, मागे गोठा धुऊन घ्यायचा आणि घरातल्या कोणी पुढे विचारायचे नाही. ते कुठे नेले, कोणी सोलले, कोणी खाल्ले, त्याचे शेवटी काय झाले, याची चौकशी करणे हे घरंदाजपणाला न शोभणारे मानले गेले. या न विचारण्याच्या सवयीविषयी मला आज लिहायचे आहे. ही सवय माझ्या घरातही होती, तुमच्याही होती; आणि तिने आपल्या हातून जो अपराध घडवला त्याची आपल्याला अजून पुरती जाणीव नाही.

जे आपण विचारले नाही ते असे होते. गावाच्या शिवेवर, ओढ्याकाठी किंवा माळावर ढोराचे कातडे उतरले, की उरलेल्या देहावर आकाशातून गिधाडे उतरत. उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेवर पंख न हलवता ती तासन्‌तास तरंगत असत आणि त्यांची नजर जमिनीवर तशी एकमेकांवरही असे. एक गिधाड खाली झेपावले की दुसरे त्याला पाहून वळे, दुसऱ्याला पाहून तिसरे, आणि अशा रीतीने मैलोगणती पसरलेले पक्षी थोड्याच वेळात एका जागी गोळा होत. मोठा थवा असला तर एका गाईचे मांस तासाभराच्या आत संपे आणि मागे केवळ हाडे राहत; ती गोळा करून नेणारेही कोणीतरी असत. गिधाडाच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसाबरोबर पोटात गेलेल्या रोगजंतूंपैकी बहुतेक तिथेच नष्ट होतात. म्हणजे जनावराचा रोग त्या पक्ष्याच्या पोटात जाऊन संपत असे. पाण्यात, मातीत, दुसऱ्या जनावरात किंवा माणसात जायला त्याला वाटच उरत नसे. निसर्गाच्या व्यवहारात देह निर्माण होणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर मोडून पुन्हा मातीला आणि दुसऱ्या जिवांना मिळणे महत्त्वाचे. या दुसऱ्या कामावर पहिल्याचे सारे अस्तित्व टेकलेले असते. जगात सर्वाधिक गुरे असलेल्या देशांत आपली गणना होते आणि आपल्यातला मोठा वर्ग गोमांस खात नाही. इतक्या गुरांचे इतके मृतदेह दरवर्षी कुठे जातात, हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही, कारण तो सोडवणारे पक्षी आपल्या डोक्यावर होते आणि तो सोडवणारी माणसे आपल्या वेशीबाहेर होती.

या दोघांना आपण काय दिले? घराच्या आढ्यावर गिधाड बसले की अपशकुन. त्याची मान उघडी का, याचे एक सोपे उत्तर आहे: देहात खोलवर चोच घालणाऱ्याच्या मानेवर पिसे असती तर ती रक्ताने माखून सडली असती. पण आपण त्या उघड्या मानेत केवळ ओंगळपणा पाहिला. आणि ढोर ओढणाऱ्या माणसाला? त्याला आपण हाडकी-हाडवळ्याची जमीन लावून दिली, शिळी भाकरी दिली, आणि त्याच्या सावलीचाही विटाळ मानला. मी माणसाची पक्ष्याशी तुलना करीत नाही; तशी तुलना करणे हा त्याच जुन्या अपमानाचा पुढचा हप्ता होईल. मी बोलतो आहे ते पाहणाऱ्याच्या डोळ्याविषयी. घाण करणारा आणि घाण काढणारा या दोघांत आपण घाण काढणाऱ्याला घाणेरडे ठरवले, आणि ही उलटी गोष्ट इतकी अंगवळणी पडू दिली की तिच्यातला अन्याय तर दिसेनासा झालाच, पण तिच्यातला अडाणीपणाही दिसेनासा झाला. ज्या कामाला तुच्छ मानले त्याचे ज्ञानही तुच्छ ठरले. ढोर कशाने मेले, कुठले मांस विषारी, कुठल्या माळावर किती पक्षी उतरतात, यंदा कमी का उतरले, हे सारे ज्यांना ठाऊक होते त्यांच्याशी आपण बोलतच नव्हतो.

1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडून देण्याचे आवाहन केले. पुढे गावोगाव ढोरे ओढण्याचे कामही नाकारले जाऊ लागले. तो नकार सर्वस्वी न्याय्य होता. सवर्ण समाजाने त्याला काय उत्तर दिले, ते आपल्याला माहीत आहे: किराणा बंद, पाणी बंद, रस्ता बंद. ज्या कामाला आपण हात लावायला तयार नव्हतो ते दुसऱ्याने नाकारताच तो आपल्याला बंडखोर वाटला. ज्यांच्याशी हे काम बांधलेले होते ती कनिष्ठ गावकामगारांची वतने 1958 च्या कायद्याने रद्द झाली, तरी ढोर मेल्यावर काय करायचे याची नवी आणि माणुसकीची व्यवस्था लावावी असे कोणाच्या मनात आले नाही. 2016 साली गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षक म्हणवणाऱ्यांनी भर रस्त्यावर मारहाण केली, आणि त्यानंतर सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर निषेध म्हणून मेलेली जनावरे आणून टाकली गेली. तो प्रश्न गुजरातचा म्हणून आपण बाजूला सारला. तो आपलाही होता.

माणसांनी हे काम सोडले ते जागे होऊन, स्वाभिमानाने. पक्ष्यांना मात्र आपण मारले. नव्वदच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षी-अभ्यासक डॉ. विभू प्रकाश यांना गिधाडे झाडांवर माना टाकून बसलेली आणि मरून पडलेली आढळू लागली. एके काळी जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत बहुधा सर्वांत जास्त संख्येने असलेले पांढऱ्या पाठीचे गिधाड 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतात 99.9 टक्क्यांनी घटले, म्हणजे हजारांतले एक उरले. लांब चोचीची गिधाडे, जी आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या घरटी करीत आली, ती शंभरांतली तीनच्या आसपास उरली. सुरुवातीला संशय साथीच्या रोगावर होता. 2004 साली पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या अभ्यासातून खरे कारण पुढे आले: डायक्लोफेनॅक. आपण सांधेदुखीवर घेतो तेच वेदनाशामक. जनावराला ते टोचले आणि थोड्या दिवसांत ते जनावर मेले, तर त्याच्या मांसात औषधाचा अंश राहतो. तो खाल्ल्यावर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, रक्तातले युरिक आम्ल बाहेर पडू शकत नाही, आणि काळजावर, यकृतावर पांढऱ्या खड्यांचा थर साचून पक्षी काही दिवसांत मरतो. शंभर मृत जनावरांत एकाहूनही कमी जनावर असे विषारी असले तरी इतका संहार होण्यास ते पुरेसे होते, हे गणिताने सिद्ध झाले. कारण गिधाडे एकटी जेवत नाहीत. एका देहावर पन्नास-शंभर उतरतात. शिवाय त्यांची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षे लागतात. अशी जात एकदा घसरली की तिला सावरायला माणसाचे एक आयुष्य अपुरे पडते.

आपण म्हणू की हे अजाणतेपणी झाले. औषध तर दयेपोटी दिले होते. या दयेकडे थोडे जवळून पाहिले पाहिजे. लंगडणाऱ्या बैलाला दुखणे शमवणारे इंजेक्शन द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जू मानेवर ठेवायचे, ही दया कोणावर होती? गाळपाच्या हंगामात उसाची गाडी ओढणाऱ्या बैलाचे खूर, खांदे आणि गुडघे कसे होतात ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे समजेल. विश्रांती देणे परवडत नाही, म्हणून वेदना बंद करायची. यात तो बैलवाला एकटा गुन्हेगार नाही. त्याच्या पाठीवर मुकादमाची उचल आहे, मुकादमाच्या पाठीवर कारखान्याची घाई आहे, आणि कारखान्याच्या दारात स्वस्त साखरेची वाट पाहणारे तुम्ही-आम्ही आहोत. नव्वदच्या दशकात हे औषध अनेक कंपन्या बनवू लागल्या, त्याची किंमत कोसळली आणि ते खेड्यापाड्यांत पोचले. जनावराच्या अंगात जे टोचले ते त्याच्या मरणानंतर कोणाच्या अंगात जाणार, हा प्रश्न बनवणाऱ्याला, परवानगी देणाऱ्याला, विकणाऱ्याला, टोचणाऱ्याला आणि पैसे मोजणाऱ्याला, एकालाही पडला नाही. ढोर मेल्यानंतरची गोष्ट आपल्या विचाराच्या कक्षेतच नव्हती.

गिधाडे गेली तरी जनावरे मरायची थांबली नाहीत. माळावर, नाल्यात, गावाच्या उकिरड्यावर देह सडत पडू लागले आणि तिथे भटकी कुत्री आली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडांच्या ऱ्हासाबरोबर देशात किमान 55 लाख कुत्री वाढली आणि त्यांच्या चाव्यांतून रेबीज होऊन सुमारे 48,000 माणसे अधिकची मेली. कुत्रे हे गिधाडाची जागा घेऊ शकत नाही. ते देह पुरता संपवत नाही, आणि रोग त्याच्या पोटात मरण्याऐवजी त्याच्या दातांतून पुढे जातो. 2024 साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी जिल्हावार मृत्यूंचे आकडे तपासले. जिथे पूर्वी गिधाडे भरपूर होती त्या जिल्ह्यांत ती गेल्यावर माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला होता; 2000 ते 2005 या काळात मिळून सुमारे पाच लाख अधिकचे मृत्यू. या पाच लाखांत बंगल्यांतली, फाटकांआड राहणारी माणसे किती असतील? उकिरड्याशेजारी जिची झोपडी आहे, पहाटे अंधारात जिला शौचाला बाहेर जावे लागते, लसीसाठी तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जिला मजुरी बुडवून जावे लागते, तिच्या मुलाला कुत्रे चावते. शतकानुशतके ज्यांच्याकडून आपण घाण काढून घेतली, त्यांच्याच दारात पक्ष्यांनंतरची घाणही साचली.

आणि आपल्याला पत्ता लागला नाही. लक्षावधी पक्षी, आठ फुटांच्या जवळपास पंखांचा पसारा असलेले, एका पिढीच्या डोळ्यांदेखत आकाशातून नाहीसे झाले आणि आपण वर पाहून त्याबद्दल बोललो नाही. मोर असे मेले असते तर विधिमंडळात आवाज उठला असता, देवळांत प्रार्थना झाल्या असत्या. ज्याच्याविषयी किळस आहे त्याचे नसणे मनाला सुटकेसारखे वाटते. मग त्याची मोजदाद कोण ठेवणार? मुंबईच्या डोंगरवाडीत पारशी समाजाला मात्र ही उणीव लपून राहिली नाही, कारण आपल्या मृत आप्तांचा देह त्यांनी या पक्ष्यावर सोपवलेला होता. मग त्या देहांसाठी त्यांना सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. ज्याने त्या पक्ष्याला आपल्या शेवटात जागा दिली त्याला तो गेलेला कळला. ज्यांनी त्याला वेशीबाहेर ठेवले, त्यांना कळले नाही.

कळल्यावरही आपण काय केले, हे अधिक दुःखाचे आहे. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जाऊ लागल्या, आणि त्या बाटल्यांचा आकार एका मात्रेपुरता करायला 2015 उजाडले. त्या निर्णयालाही न्यायालयात आव्हान देण्यात आले. ॲसिक्लोफेनॅक हे औषध गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनते. कीटोप्रोफेनही गिधाडाला मारते. या दोन्हींवर बंदी आली ती 2023 मध्ये, पहिल्या बंदीनंतर सतरा वर्षांनी. हा विलंब केवळ सरकारचा म्हणून सोडून देऊ नये. कायदा तिथेच धावतो जिथे लोकांचे मन धावते. मेलोक्सिकॅम हे गिधाडाला निर्धोक औषध पहिल्या बंदीच्या वेळेपासून उपलब्ध आहे. पण दुकानात उभे राहून ते मागणारा शेतकरी, ते आवर्जून लिहून देणारा पशुवैद्यक, दुसरे काही देऊ नका म्हणून ठराव करणारी दूध संस्था, असे किती जण आपल्याला भेटले?

नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद हे ठिकाण आहे. सीतेला सोडवताना रावणाकडून घायाळ झालेला जटायू तिथे पडला, अशी श्रद्धा आहे. वनवासी रामाने त्या गिधाडाचे और्ध्वदेहिक स्वतःच्या हाताने केले, पित्याच्या जागी मानून केले, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. आपल्या परंपरेने इतक्या स्पष्टपणे दाखवलेली गोष्ट आपण केवळ कथा म्हणून ऐकली. ज्याला शिवणे अशुभ, त्या पक्ष्याचा देह राजपुत्राने मांडीवर घेतला, याचा अर्थ काय, हे कीर्तनात ऐकून उठलेला माणूस घरी जाऊन मेलेल्या गाईपासून पुन्हा चार पावले मागे सरला. पुण्यासाठी टाकेदच्या कुंडात बुडी मारणाऱ्या आपल्याला त्या कुंडावरच्या आकाशात आज जटायूच्या वंशातले किती उरले, हे विचारावेसे वाटले नाही. धर्म आपल्याकडे कमी नव्हता. आपल्याला हवा तेवढाच तो आपण घेतला.

शहरात राहणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे गावाचे दोष म्हणून वाचू नये. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांच्या विहिरींशेजारी जाऊन पडला, आणि त्यांनी गाड्या अडवल्या तेव्हा शहराला त्यांचा राग आला. मैला हाताने उपसण्यास बंदी करणारा कायदा 2013 मध्ये झाला, तरी गटारात उतरून गुदमरून मेलेल्या कामगारांच्या बातम्या आपण चहाबरोबर वाचतो. दारातून वस्तू बाहेर गेली की ती संपली, हा जो आपला समज आहे तो गोठ्यातून दोर बांधून बाहेर नेलेल्या ढोराच्या वेळचाच आहे. निसर्गात बाहेर अशी जागा नसते. तिथे सारे आतच असते. कोणाच्या तरी पोटात, कोणाच्या तरी पाण्यात.

हे बदलेल याविषयी मला शंका नाही, कारण जिथे माणसांनी ठरवले तिथे ते बदलताना दिसते आहे. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या परिसरात, बाबासाहेबांच्या महाडपासून फार दूर नाही, गावकऱ्यांनी घरट्यांची झाडे राखली, संवर्धनाचे काम करणाऱ्यांनी मृत जनावरे गिधाडांसाठी आणून ठेवण्याची सोय केली, आणि तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची पिल्ले पुन्हा उडू लागली. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात जोपासलेली गिधाडे 2024 मध्ये पेंच आणि ताडोबाच्या जंगलांत आणली गेली. हे पक्षी जंगलाची सीमा ओळखत नाहीत. ते दिवसाला मैलोगणती फिरतात आणि कुठल्या तरी गावाच्या शिवेवर मेलेले ढोर पाहून उतरतात. त्या ढोराला शेवटच्या आठवड्यात काय टोचले होते, यावर त्यांचे जगणे-मरणे ठरेल, आणि तो निर्णय वनखाते घेत नाही. तो गोठ्यात होतो.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेने हा विषय आपल्या कामकाजात घेतला पाहिजे. औषधाचा ठराव करावा, आणि मेलेल्या जनावरासाठी वस्तीपासून, पाण्यापासून आणि विजेच्या तारांपासून दूर, कुत्र्यांना आत शिरता येणार नाही अशी कुंपण घातलेली जागा राखावी. ज्या जनावराला विषारी औषध दिले गेले असेल ते खोल पुरावे. आणि यातल्या सर्वांत अवघड प्रश्नाला बगल देऊ नये: ते ढोर तिथपर्यंत नेणार कोण? गिधाडे वाचवण्याच्या उत्साहात आपण पुन्हा त्याच वस्तीकडे निरोप पाठवणार असू, तर हा सारा खटाटोप त्या जुन्या पापाचीच नवी आवृत्ती होईल. ट्रॅक्टर गावाचा असावा, उचलण्याचे यंत्र गावाचे असावे, हातमोजे आणि पाण्याची सोय असावी, काम करणाऱ्याला पंचायतीच्या इतर कर्मचाऱ्यांइतका पगार असावा आणि ती जागा जातीवरून भरली जाऊ नये. ज्याच्या गोठ्यात जनावर मेले त्या घरातल्या एका माणसाने त्या गाडीबरोबर जावे, दोराला हात लावावा, आणि तो देह ठेवून होईपर्यंत तिथे थांबावे.